विमानतळावरची राखण

लुमारा बेट, ३ नोव्हेंबर २०२४

ती. आईस, हितेशचा शि. सा. न. वि. वि.

फोन आला की तू स्पीकर लावतेस आणि निम्मं थळ गाव ऐकतं, म्हणून हे पत्र. कागदाचा फोटो काढून ऋतिकाच्या मोबाइलवर पाठवतोय. बहिणाबाईंनी मधेच वाचलं तर येताना आणायची पर्स विसरेन म्हणावं.

इथला आंतरराष्ट्रीय विमानतळ म्हणजे आपल्या एसटी स्टँडाएवढी इमारत आणि एका समुद्रापासून दुसऱ्या समुद्रापर्यंत धावपट्टी. दिवसाला चार विमानं. त्यातून उतरलेली माणसं वाळूवर जाऊन पडतात, खळ्यावर जवळा सुकायला पसरावा तशी, आणि वर त्याचे पैसे भरतात!

आता खरं सांगतो. माझ्या नेमणूकपत्रावर ‘वन्यजीव नियंत्रण अधिकारी’ आहे, ते तू गावभर केलंस. आई, मी पक्षी हाकलतो. विमान यायच्या आधी जीपमधून फिरायचं, भोंगा वाजवायचा, हात हलवायचे. सुक्या मासळीवरचे कावळे हाकलायचा कंटाळा म्हणून डिप्लोमा केला, पासपोर्ट काढला, आणि नशिबात पुन्हा तेच. त्यातून इथले बगळे भोंगा ऐकला की मान वर करून बघतात आणि पुन्हा बसतात. मार्चअखेर पक्षी कमी झाले नाहीत तर घरी जा, असं साहेबाने स्वच्छ सांगितलंय. तसा परत आलो तर कोळीवाड्यात तोंड कसं दाखवू? बाबांना यातलं काही कळू देऊ नकोस.

तुझा लोभ इथवर पोचतो, तो तसाच पोचू दे.

हितेश

थळ, ६ नोव्हेंबर २०२४

चि. हितेशला आईचा पोटभर आशीर्वाद.

पत्र पावलं. ऋतिका म्हणते मी वाचलं न्हाय, पण सकाळपासून मला बघून तोंडाने भोंगा वाजवते. बाबांना काय लपवायचं? तू पाठवलेल्या फोटोत हात वर करून उभा हायस, तो बघून ते आधीच म्हणाले होते, पोराने कावळे हाकलायचं काम धरलेलं दिसतंय.

अरे, भोंग्याने पाखरू जात असतं तर आम्हां कोळणींच्या तोंडापुढे थळात एक कावळा उरला नसता. पाखरू पोटासाठी येतं, तुझ्यासारखंच. कोण कुठे काय टाकतो ते आधी बघ. वेणूबाई आपल्या खळ्यामागं मासळीची घाण टाकायची तेव्हा कावळ्यांनी नुसता उच्छाद मांडला होता. मी भांडून तिला ती पुरायला लावली, आठ दिवसांत सगळं शांत. दोन महिने ती माझ्याशी बोलली न्हाय, तेही बरंच झालं.

गावात मी अधिकारीच सांगणार. राखण करणारा काय कमी असतो व्हय?

जेवत जा. आमची आठवण काढत जा.

आई

लुमारा बेट, २० फेब्रुवारी २०२५

ती. आईस सा. न.

तुझं डोकं साहेबाच्या खुर्चीत बसायला हवं होतं. धावपट्टीकडे तोंड करून एक खानावळ आहे. पाहुण्यांना ताजी मासळी खिलवतात आणि आतडी मागच्या भिंतीपल्याड भिरकावतात. तुझ्यासारखाच भांडलो, खड्डा खणवला, झाकण बसवायला लावलं. महिनाभरात एक बगळा उरला नाही. राजधानीहून प्रशस्तिपत्र आलं. अर्थात साहेबाच्या नावाने.

मग साहेबाने मला बोलावून चहा पाजला आणि विचारलं, आता पक्षीच नाहीत तर माणूस कशाला? पद एकतीस मार्चला बंद. आई, मी काम इतकं चोख केलं की कामच उरलं नाही. गावात काय सांगशील ते तूच ठरव. मला फार लाज वाटते.

लोभ असू दे, आता त्याची जास्तच गरज आहे.

हितेश

थळ, २१ फेब्रुवारी २०२५

चि. हितेशला आशीर्वाद.

अरे गाढवा, सगळेच हाकललेस?

तीस वर्षं मी राखण करते. खळ्यावर दोन कावळे कायम हायत. कुंपणापल्याड, मासळीपासून लांब, त्यांना रोज मूठभर घालते. कावळा दिसला न्हाय की तुझी आजी मला म्हणायची, केसर, बसलीस काय, उचल टोपली नि चल अलिबागच्या बाजाराला. तेव्हापासून दोन राखते. तूही राख. विमानाच्या वाटेपासून लांब, पण साहेबाच्या खिडकीतून दिसतील असे.

हे पहिल्याच पत्रात लिहायचं होतं. लिहिलं न्हाय, मुद्दाम. वाटलं, काम सुटलं तर येशील. पण तू असा मान खाली घालून आलेला मला बघवणार न्हाय. आई झाली तरी लबाडच, काय करू?

रागावू नको.

आई

लुमारा बेट, २६ मार्च २०२५

ती. आईस शि. सा. न.

तू सांगितलंस तसं रोज मूठभर मासळी घातली आणि दोन बगळे आले. साहेबाच्या खिडकीसमोरच्या खडकावर पहिल्यांदा बसले तेव्हा तो चहा तसाच टाकून खिडकीशी धावला. मला तातडीने बोलावणं, पाठीवर हात, आणि दोन वर्षांची मुदतवाढ. तूच मिळवून दिलीस, आणि तुझ्याच अंगाशी आली.

रागावलो नाही. काल जीपमध्ये बसून एक गोष्ट आठवली. आपल्या खळ्यावर बाबा वरून जाळं ताणायचे. कावळ्याची चोचसुद्धा आत जात नव्हती. तरी शाळा सुटली की तू मला काठी देऊन राखणीला बसवायचीस, स्वतःच्या शेजारी. मी इतकी वर्षं त्यावरून तुझ्यावर चिडून होतो. ती राखण मासळीची नव्हती, ते काल कळलं.

दिवाळीला सुट्टी मंजूर झाली आहे. तेव्हा खळं भरलेलं असेल. काठी काढून ठेव, मी शेजारी बसेन. आणि ते दोन कावळे तोवर सांभाळ. मी हाकलायला लागलो तरी हाकलू देऊ नकोस.

तुझाच

हितेश