भिंत, विराज आणि नंबर एक्क्याण्णव

७ मार्च, शनिवार
हरलो. ३४-०. आमच्या डच युनिव्हर्सिटीच्या अमेरिकन फुटबॉल टीममध्ये पुढे आम्ही पाच जाडे. काम एकच : मागे क्वार्टरबॅक योस्ट बॉल घेऊन उभा असतो, त्याला कोणी पाडू नये. आज तो नऊ वेळा पडला. कोच म्हणाला, पैकी सात तुझ्या बाजूने, असंच चाललं तर जागा जाईल. गवत ओलं होतं, त्याबद्दल चकार शब्द नाही. सोमवारपासून रोज शंभर स्क्वॉट्स.

९ मार्च, सोमवार
स्क्वॉट्स अकरा. गुडघा कुरकुरतोय, उगाच धोका नको.
पण डोकं चाललं. बॉल कुठून जाणार हे आम्ही एकमेकांना इंग्लिशमध्ये ओरडून सांगतो, समोरचे फुकटात ऐकतात! माझ्या शेजारी विराज उभा असतो. माझा रूममेट, नागपूरचा. आता आम्ही मराठीत ओरडणार. इथल्या डिफेन्सला मराठी कोण शिकवणार? विराज म्हणाला, त्यापेक्षा पाय हलव. मत्सर, दुसरं काय.

१४ मार्च, शनिवार
२७-०. योस्ट फक्त सहादा पडला. युक्ती लागू पडली.

२१ मार्च, शनिवार, संध्याकाळ
विश्वासघात!
शेजारच्या रायस्वाइक गावच्या टीमशी मॅच. त्यांचा नंबर एक्क्याण्णव, हेल्मेटमध्ये नाकसुद्धा दिसेना. मी 'डावीकडून' ओरडलो की हा आधीच डावीकडे. 'उजवीकडून' म्हटलं की उजवीकडे. ४८-०. शेवटी शेवटी योस्ट आपला आपणच खाली बसायला लागला.
कोड दोघांनाच माहीत. मी फोडला नाही. म्हणजे विराज फितूर. आईने पाठवलेला गोडा मसाला ज्याला मी अर्धा काढून दिला, तो! घरी येताच तोंडावर सांगितलं. आधी हसला. म्हणाला, अरे, तीन मॅच तुझ्या वाटणीची माणसंही मीच अडवतोय. मग हसायचा थांबला. गुन्हेगार असाच विषय बदलतो.

२२ मार्च, रविवार
विराज सकाळीच सायकलला बॅगा अडकवून वर्गातल्या प्रतीककडे राहायला गेला. कुकरही नेला. कुकर त्याचाच, पण माणसाने वेळ बघावी ना.
दुपारी रायस्वाइकला मराठी मंडळाचा पाडवा. मंडळातल्या सुनीतीकाकूंनी मुलाची ओळख करून दिली, यश. दार भरून उभा. मी मराठीत विचारायचं, त्याने डचमध्ये उत्तर द्यायचं. काकू म्हणाल्या, बोलत नाही रे, पण समजतं सगळं. काल मॅचवरून आला तो हसतच, समोरचा एक जण म्हणे प्रत्येक वेळी आधी ओरडून सांगत होता. जर्सीचा नंबर विचारायची गरज नव्हती. तरी विचारला. एक्क्याण्णव.
श्रीखंडावरून मनच उडालं. तिसरी वाटी तर तशीच ठेवली.

२४ मार्च, मंगळवार
विराजला मेसेज : गैरसमज दोन्ही बाजूंनी झाला, मी मोठ्या मनाने विसरायला तयार आहे. निळ्या टिक्स आल्या, उत्तर नाही. इतक्या वर्षांची मैत्री आणि हा माणूस एका आरोपावरून उलटतो! खरा दगा यशचा. मराठी असून मराठी समजतो.

२६ मार्च, गुरुवार
प्रॅक्टिस. माझ्या जागी नवा डच पोरगा. कोच म्हणाला, तू जरा विश्रांती घे. योस्ट एकदाही पडला नाही. वारा बरा होता.
मधल्या सुट्टीत विराज पाणी प्यायला आला. मी वाटेत उभा होतो, मुद्दामच. 'एक्स्क्यूज मी' म्हणाला. विराज, मला.