पौष पौर्णिमेचे सूपभर धान

गुरुजी,

मी, वय वर्षे शहात्तर, धंदा धानाची शेती, शिक्षण इयत्ता चौथी, राहणार देवरी तालुका, हे पत्र पूर्ण शुद्धीवर लिहीत आहे. नाव लिहीत नाही. ते दोन वर्षे तुम्ही रोज हजेरीत पुकारले आहे. तुम्हांला जाऊन चाळीसहून अधिक वर्षे लोटली. अक्षराला तुम्ही लावलेले वळण टिकून आहे. हात मात्र थकला आहे.

परवा नातीला शाळेतून हिवाळ्यातील सण लिहून आणावयास सांगितले. ती वही घेऊन माझ्याजवळ बसली. मी सांगत गेलो, ती लिहीत गेली. नाताळ, त्यासाठी तिच्या शाळेत कापसाच्या दाढ्या वाटल्या होत्या. संक्रांतीचा तिळगूळ. माघात कचारगडला जाणारी गोंड बांधवांची यात्रा. आमच्या भागातल्या प्रतापगडावर महादेवाला जाणारे, आणि त्यांच्याच बसने तिथल्या दर्ग्यावर चादर नेणारे. शेजारच्या बौद्ध घरातील पौर्णिमेची वंदना. पान भरले तेव्हा ती म्हणाली, "आबाजी, हे त सारे लोकायचे झाले. आपल्या घरचा कोनता?" मी म्हणालो, "एवढे पुरे." तर म्हणते, "छेरछेरा काऊन नाही सांगत? शरम वाटते का?"

तिला उत्तर दिले नाही. तुम्हांला देतो.

छेरछेरा आमच्या घरी आईबरोबर छत्तीसगडातून आला. पौष पौर्णिमेला, नवे धान घरात आल्यावर, लेकरे पिशव्या घेऊन "छेरछेरा" म्हणत दारोदार फिरतात आणि प्रत्येक घर ओंजळभर धान घालते. त्या दिवशी कोणालाही नाही म्हणावयाचे नसते. आईच्या माहेरी पाटलाची पोरेही मागत. आमच्या गावात मात्र मागणारी चारच घरे. तुम्ही दूर देशावरून नुकतेच बदलून आला होता, तुम्हांला हे ठाऊक नव्हते. मी तिसरीत होतो. तुमच्या दारी आलो, तर तुम्ही माझा हात धरून सर्वांदेखत म्हणालात, "माझ्या शाळेचा विद्यार्थी भीक मागतो? लाज नाही वाटत?" पिशवी तुम्ही अंगणात उलटी केलीत. कोंबड्या धावल्या. पोरे मला वर्षभर भिकारी म्हणत राहिली.

मधल्या काळात कोणीतरी तुम्हांला खरे सांगितले असावे. पुढच्या पौष पौर्णिमेला सकाळीच तुम्ही आमच्या दारी आलात. धुतलेले धोतर, हातात रिकामी पिशवी. मान खाली घालून तुम्ही म्हणता, "छेरछेरा." मी भरलेले सूप घेऊन उंबऱ्यात उभा आहे. आई चुलीपासून ओरडते, "घाल ना रे! काऊन उभा रायला? गुरुजी मांगून रायले!" आणि मी म्हणतो, "माझ्या शाळेचा मास्तर भीक मागतो? लाज नाही वाटत?"

तुम्ही पिशवीची घडी घातलीत. "पाठांतर चांगले आहे तुझे," एवढेच बोललात आणि निघालात. आई माझ्या हातून सूप हिसकावून तुमच्यामागे धावली. तुम्ही वळून पाहिले नाही.

तरीही चौथीच्या निकालानंतर देवरीच्या शाळेचा अर्ज तुम्ही स्वतः भरून पाठविलात, तिथे राहण्याची सोयही लावलीत. तो अर्ज मी फाडला. गरिबीमुळे शाळा सुटली, असे आजवर सर्वांना ताठ मानेने सांगत आलो. शाळा सुटली नाही, गुरुजी. मी सोडली. तुमच्या हातून काही घ्यावयास तुमच्यासमोर उभे राहवत नव्हते.

आज पौष पौर्णिमा. नातीच्या वहीत शेवटी छेरछेरा मीच माझ्या हाताने लिहिला. सकाळपासून लेकरे येऊन गेली. एकाच्या डोक्यावर नाताळची लाल टोपी होती, त्यालाही ओंजळभर घातले. एक भरलेले सूप उंबऱ्यात ठेवले आहे. नात दोनदा म्हणून गेली, "आता कोनी येत नाही, आबाजी, उचला ना." मी उचललेले नाही. हे पत्र टपालपेटीत टाकावयाचे नाही. त्याच सुपाखाली ठेवीत आहे.

त्या सकाळी समक्ष हजर: चुलीपाशी माझी आई, दारात तुम्ही, उंबऱ्यात मी. पैकी आज हयात मी एकटाच. आणि जे घडले ते मी नाकारीत नाही.