ख्रिसमसच्या झाडाचा शेंडा

५ जुलै
धुकं आज ओट्यापर्यंत आलं. ख्रिसमसच्या झाडाचं नुसतं बूड दिसत होतं, वरचं सगळं पुसलेलं. चहा गार होईस्तोवर बघत बसले. वाटलं, वर धुक्यात ते संपतच नसेल.
गेल्या पावसाळ्यात त्याच्या फांद्यांची टोकं तोडून कुंड्यांत लावली, त्यातली तीन जगली. मुळं धरलीत, कोंब आलेत. कोणी बघत नाही असं पाहून थोडं बोलले त्यांच्याशी. निवृत्त मास्तरीणबाईंना वर्ग लागतोच.
मुलगा इमरान पुण्याजवळ नांद्याला फ्लॅट घेतल्यापासून मागे लागलाय, दोघंही इकडेच या. आता नात झाली. सूनबाईची, सनाची, बाळंतपणाची रजा दिवाळीनंतर संपते, म्हणजे जायलाच हवं. ह्यांनी गेल्या वर्षीच अट घातली होती, "ते झाड घिऊन चल, मग मी येतो." घराहून उंच झाड! चेष्टेतच म्हणाले, पण चेहरा चेष्टेचा नव्हता. म्हणून या कुंड्या.

१२ जुलै
तिन्ही रोपं कलली आहेत. काडी रोवून जुन्या ओढणीच्या चिंधीने बांधली. पाऊस, पाऊस. कपडे वाळत नाहीत.

१९ जुलै
कुंड्या फिरवून ठेवल्या, उजेड दुसऱ्या बाजूने यावा म्हणून. काही फरक नाही.
पहाटे स्वप्न. झाड पौड रस्त्याने चाललंय, हळूहळू, एसटीला वाट देत. कासार आंबोलीच्या फाट्यावर थांबून त्याने मागे पाहिलं. मी हाक मारणार, तेवढ्यात दूधवाला आला.

२४ जुलै
ह्यांनी माळ्यावरून ओळंबा काढला. जन्मभर लोकांचे वीकेंडचे बंगले बांधले, भिंत तसूभर कलली तरी जेवण जात नाही. हे झाडही तसल्याच एका बंगल्यातलं. तिथल्या बाईंना कुंडीत नको होतं, ह्यांनी सायकलवरून आणलं. तेव्हा अख्खी आळी हसली होती, अत्तारांच्या दारात ख्रिसमस म्हणून.
चिंधी सोडली, कुंडीशेजारी ओळंबा धरला. रोप आपलं सावकाश आडवं झालं.
"ह्ये तर निजायला लागलं."
म्हटलं, लहान आहे अजून.
"लहान हाय म्हून वाकडं हाय? न्हाई पटत."

२६ जुलै
कोकोपीट जिच्याकडून घेते त्या नर्सरीवालीला फोन केला. ती म्हणाली, "मॅडम, फांदी लावलीत ना? मग फांदीच होणार. या झाडाचं असंच. मातीत रुजली तरी तिला वाटतं, खोड शेजारीच आहे. ती आडवीच वाढते. सरळ झाड हवं तर शेंडा लावायला लागतो."
मग शेंडा कापल्यावर मोठ्या झाडाचं काय? तर त्याला खाली नवे शेंडे फुटतात, जगतं ते. पण पहिला आकार जातो.
ह्यांना सांगितलं नाही. दिवसभर तेच डोक्यात. स्वतःची मुळं आहेत, कशाची कमी नाही, आणि तरी वर्षभर बाजूला सरून राहायचं, नसलेल्या खोडासाठी जागा सोडून. रडू आलं. फांदीसाठी रडणारी बहुतेक मी पहिलीच.

३० जुलै
सांगून टाकलं. ह्यांनी ओळंब्याची दोरी गुंडाळून ठेवली. मग, "म्हंजे मान कापायची त्याची."
रात्री जेवताना म्हणाले, "मी गमतीनं म्हनलो हुतो."
"मग गमतीनं चला."
हसले नाहीत. भाकरी अर्धी ठेवली.

६ ऑगस्ट
मी एका शब्दाने बोलले नव्हते. आज उघडीप पाहून ह्यांनी स्वतःच वरच्या वाडीवरून किसनला बोलावलं. मधाला कड्यावर जातो तो.
फांद्या शिडीसारख्या, पण ठिसूळ. खोडाला चिकटून चढला. वरून ओरडला, "चाचा, हितनं तुमची गच्ची लई बारकी दिसतीया."
"कापतूस का गप्पा मारतूस?"
दोरीने शेंडा खाली सोडला. इतकी वर्षं धुक्यात, चांदण्यात मान वर करून पाहिलेली वस्तू ह्यांच्या मांडीवर. वजन काहीच नाही. पांढरा चीक बोटांना चिकटत होता. बुडाला मुळं फुटायची पावडर लावून वाळू-कोकोपीटमध्ये रोवला, वरून पारदर्शक पिशवी. हात माझे, सूचना ह्यांच्या. ओळंब्याने तपासला, हे सांगायलाच नको.
किसन गेला तरी ह्यांनी वर पाहिलं नाही. मी पाहिलं. आभाळ उगाच मोठं वाटलं.

२ सप्टें.
पिशवीच्या आत छोटंसं वेगळं धुकं तयार होतं. सकाळी हवा लागावी म्हणून पिशवी काढते तेव्हा ते माझ्या चेहऱ्यावर येतं. थंड, डिंकाचा वास. दिवसातली ही घटका माझी.
हे बिडी ओढायला आता मागच्या दारी जातात. शेंड्याला धूर नको म्हणून. तीस वर्षं मी सांगत होते, ते काही नाही.

१४ नोव्हें.
सना कामावर रुजू होतेय. इमरान गाडी घेऊन आला. ह्यांची पिशवी भरलेलीच नव्हती.
"कलम मुळं धरंस्तोवर हलवायचं नसतं. म्हंजे मीबी हलत न्हाई."
राग आला, खरंच खूप आला. शब्द पाळायला सगळ्यांना अडवून ठेवायचं. एका वाकड्या रोपाची कुंडी उचलली आणि गाडीत बसले. गाडी वळली तेव्हा हे अंगणात शेंड्यावरच्या पिशवीला हवेसाठी भोकं पाडत होते.

२८ नोव्हें., नांदे
नववा मजला. पहाटे खाली धुकं असतं तेव्हा समोरच्या टॉवरचे अर्धे मजले जातात, क्रेन तेवढी तरंगते. नातीला खिडकीशी घेऊन उभी राहते. ती क्रेनला हात करते, मीही करते.
संध्याकाळी फोन. "तुम्ही जेवलात का?" विचारलं तर उत्तर, "शेंडा हिरवा हाय." गुडघा दुखतो हे तिसऱ्यांदा विचारल्यावर कळतं.

१८ जाने.
शेंड्याला पोपटी कोंब आलाय म्हणे. आवाज वेगळाच. नर्सरीवालीला विचारलं. ती म्हणते, कोंबावरून काही कळत नाही, अंगातल्या ओलाव्यावरही फुटतो. हलकेच वर ओढून बघा. मुळं असतील तर धरून राहील, नसतील तर हातात येईल.
ह्यांना सांगितलं.
"मी न्हाई वडनार."
"का?"
"धरलं नसलं तर?"
फोन ठेवला असं वाटलं, तेवढ्यात, "आन धरलं असलं तर?"

२ फेब्रु.
आज फोनवर आधी माझी तब्येत विचारली. तेव्हाच ओळखलं, काहीतरी हवंय.
"रविवारी ये. तूच वडून बघ."
हो म्हणाले. नंतर बाल्कनीत बराच वेळ उभी. धरलं असेल तर त्यांना यायला लागेल, दिलेला शब्द आहे. अंगण सोडून या नवव्या मजल्यावर ओळंबा कुठे लावणार? हातात आलं तर ते यायचे नाहीत, आणि मग मी परतावं असं कोणी म्हणणार नाही, म्हणजे मलाच ठरवावं लागेल. ह्यांच्याशिवाय मला करमत नाही. आणि ही पोर माझी ओढणी मुठीत धरल्याशिवाय झोपत नाही. दोन्ही खरं.
इमरानला सांगितलं, सोमवारी परत येते. बॅग भरली. झिप लागेना, तेव्हा कळलं एका रात्रीसाठी किती कपडे भरलेत ते. काढले नाहीत. बॅगेवर बसून झिप लावली.