डोळ्यांदेखत फिरलेला तारा

२ फेब्रुवारी, सोमवार.
एका घोर अन्यायाची नोंद. माझी फिरती खुर्ची क्रीडा विभागाने पळवली. बदली आलेली खुर्ची स्थितप्रज्ञ आहे. शेजाऱ्याशी बोलायचं तर सबंध देह वळवावा लागतो. तक्रार घेऊन संपादकबाईंकडे गेलो. (यांना मथळे द्यायला मी शिकवलं.) त्या म्हणाल्या, खुर्चीचं सोडा, तुमच्या रविवारच्या सदराचं बघा. या रविवारच्या लेखावर पुढचं पान छपाईला जाईपर्यंत वाचकांची पत्रं आली तर सदर राहील, नाहीतर तिथे शब्दकोडं. विषयही त्यांनीच दिला: दक्षिणेकडच्या मयूर तारकासमूहातला एक अंधूक, पण भलत्या वेगाने फिरणारा महाकाय तारा.
संकल्प: किमान पन्नास पत्रं.

३ फेब्रुवारी.
वेधशाळेतल्या बाईंना फोन. तारा स्वतःभोवती साडेचार दिवसांत एक फेरी मारतो म्हणे. मी म्हटलं, याहून आमच्या ऑफिसातली फाईल चपळ. त्या म्हणाल्या, अहो, पण एवढं शरीर, एवढं वय! या वयात तारे फुगतात आणि मंदावतात. हा का धावतोय तेच कळत नाही. कदाचित जोडीदाराला गिळून बसला असेल.
जेवताना घरी सांगितलं. ही म्हणाली, फुगण्यापर्यंत तुमचं जमलंय.
दुर्लक्ष केलं. गुरुवारी संध्याकाळी वेधशाळेत जाणार. प्रत्यक्ष पाहून लिहिणार.

४ फेब्रुवारी.
किरकोळ अडचण. पान गुरुवारी दुपारी छपाईला जातं, भेट संध्याकाळी. घाबरण्याचं कारण नाही. पाहुणे घरी दाढी करत असताना त्यांच्या भाषणाला पडलेल्या टाळ्या मी बावीस वर्षं लिहीत आलोय. तारा तर ऐनवेळी येणं रद्दही करत नाही. लिहिलं: “दुर्बिणीला डोळा लावला मात्र, तो प्रचंडवेगपरिभ्रमणशील तेजोगोल माझ्या डोळ्यांदेखत गरगरू लागला आणि मला भोवळ आली.”
संपादकबाईंनी विचारलं, या शब्दात वाचकाने श्वास कुठे घ्यायचा? शब्द गेला. भोवळ राहिली.

५ फेब्रुवारी, संध्याकाळी ७.
वेधशाळा. बाईंनी कॉम्प्युटरवर ताऱ्याच्या प्रकाशाचा एक आलेख दाखवला. त्यातल्या रेघा रुंद आहेत, त्यावरून वेग कळतो. मी विचारलं, तारा कुठाय? म्हणाल्या, सध्या तो दिवसाच असतो आकाशात, सूर्याबरोबर. आणि आमच्या दुर्बिणीतून कधीही बघा, ठिपकाच दिसणार.
सहज म्हणून विचारलं, बघताना कुणाला भोवळ वगैरे येते का? म्हणाल्या, जिना चढताना येते कधीकधी.
ऑफिसात फोन केला. पान छापून झालं होतं.

८ फेब्रुवारी, रविवार.
आलं छापून. आता पत्रांचा भडिमार. एकदा पुलाच्या सात कमानी मी सहा लिहिल्या, तर अकरा पत्रं आली होती. दिलगिरीचे तीन मसुदे तयार ठेवले: एक विनम्र, एक बाणेदार, एक अनुष्टुभात. फोन बंद केला.
दुपारी चालू केला. लोकांची गैरसोय नको.

१० फेब्रुवारी.
एकही पत्र नाही. संदर्भग्रंथ चाळत असणार.

११ फेब्रुवारी.
वेधशाळेतल्या बाईंचा फोन. बाणेदार मसुदा हाताशी घेतला. त्यांनी विचारलं, तो लेख छापायचा राहिला का हो?

१२ फेब्रुवारी, सकाळी ९.
वाचकांना जरा वाट दाखवायला हवी. ‘एक संतप्त खगोलप्रेमी’ या नावाने स्वतःची खरडपट्टी काढणारं पत्र ऑफिसच्या पत्रपेटीत टाकलं. झणझणीत उतरलंय. कित्येक दिवसांत इतकं मनापासून लिहिलं नव्हतं.

१४ फेब्रुवारी.
संपादकबाईंनी ते पत्र माझ्यापुढे ठेवलं. ‘अक्षम्यप्रमादपरंपरा’ या शब्दाखाली लाल रेघ होती. मला वाटलं, आता भडकणार. त्या हळूच म्हणाल्या, सर, पाणी घेता का?
दहा वर्षांत त्यांनी मला सर म्हटलं नव्हतं. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं.

१५ फेब्रुवारी, रविवार.
सदराच्या जागी शब्दकोडं. हिने चहा पिता पिता सोडवलं. छान आहे हो, म्हणाली. गेल्या रविवारचा लेख वाचलास का, असं विचारायला तोंड उघडलं होतं. मिटलं.
सदर गेलं, त्याचं एवढं नाही. वाटेल ते लिहिलं तरी कुणाच्या लक्षात येत नाही, म्हणजे नीट लिहीत होतो तेव्हाही कुणी वाचत नसावं. भीती वाटते ती त्याची.