बकरीवरची मच्छरदाणी

मंगळवार, चोपडा

ताट झाकून ठेवून लिहायला बसले आहे. सारखी ती मच्छरदाणीच डोळ्यांपुढे येते आहे.

संध्याकाळी सखूअक्काकडे गेले होते. अक्काची बहीण आणि मेव्हणा दोघंही वारल्यापासून त्यांची मुलगी मंगल अक्काकडेच असते. आमच्या संस्थेने अक्काला बकरीसाठी कर्ज दिलं. मलेरियाच्या वर्गात मच्छरदाणी मात्र मी दिली होती, मंगलसाठी. कडा गोधडीखाली कशा खोचायच्या तेही करून दाखवलं होतं.

ती मच्छरदाणी घरात गाभण बकरीवर टांगलेली. चारी कडा गोणपाटाखाली खोचलेल्या, अगदी मी शिकवल्या तशा. आणि मंगल बाहेर ओट्यावर, गोधडीत, तापाने फणफणलेली.

मी अक्काला नाही नाही ते बोलले. तिने ऐकून घेतलं. मग म्हणाली, "ताई, बकरी मरनी तं हप्ता कोन भरी? तुमना मानूस दर महिनाले येस, बकरीना फोटो काढस. पोर कशी शे, हाई कोनी इचारं नही."

मंगलला दवाखान्यात नेलं. रक्त तपासायला दिलंय, उद्या कळेल. परत येताना वाटभर त्या फोटो काढणाऱ्याला मनात शिव्या घालत होते.

पण आता आठवतंय. अंगणात गाडी लावता लावता मी पहिलं काय विचारलं?

"काय अक्का, बकरी कशी आहे?"