विलासचं निरोगी रक्त

२८ ऑक्टो.
दवाखान्यातून सुटका. आता मुक्काम शंकर नगरात, धाकट्या भावाकडे. बोन मॅरो विलासनंच दिला, म्हणजे मी त्याच्या मालकीची. दारात अर्धा मोहल्ला जमलेला, मास्क एकालाही नाही. त्यांना तो सांगत होता, "ताईच्या अंगात आता माह्यं रक्त हाये. एक वायरस नाही निघाला माह्यात." टाइल्सचं दुकान आहे, तसंच स्वतःला विकतो. डाग नाही, तडा नाही.

३० ऑक्टो.
डॉक्टरीणबाईंनी पुन्हा समजावलं. सीएमव्ही नावाचा विषाणू माझ्या अंगात जुनाच, झोपलेला. विलासला तो कधी झालाच नाही, म्हणून त्याच्या पेशींना त्याची ओळख नाही. आणि आता पहारा त्यांचा. त्या शिकेपर्यंत रोज पिवळी गोळी, तो जागा होऊ नये म्हणून. झाला तर फुप्फुसात शिरेल, आतड्यात शिरेल.
विलासनं 'झालाच नाही' एवढंच ऐकलं. गाडीत फोनवर सगळ्यांना सांगत होता, डॉक्टरसुद्धा मानून गेली. गाढव.

३ नोव्हें., भाऊबीज
मास्क लावून, लांबून ओवाळलं. ताटात काही न टाकता म्हणाला, "औंदाची ओवाळणी देऊन टाकली ना ताई." सगळे हसले. मीही, दात खाऊन.

८ नोव्हें.
रिपोर्ट आला, रक्तात सीएमव्ही नाही. म्हणजे अजून झोपलेलाच. विलासनं मोहल्लाभर पेढे वाटले. जसा काही यानंच पळवला.

२२ नोव्हें.
ताप. अंग मोडून आलंय. रिपोर्टात सीएमव्ही. बाईंनी विचारलं, गोळी चुकली का? मी फणकारले, भावजय मंदा रोज वाटीत काढून देते.
घरी येऊन वाटी पाहिली. पिवळी नाहीच! जन्मभर पोरांच्या वह्या तपासल्या, आणि मूठभर गोळ्या न बघता गिळत होते.
मंदा ओट्याकडे तोंड करून म्हणाली, "ह्यांनीच बंद कराले सांगितली. वायरस नाही तं औषध कायले, म्हणे."
म्हणजे पेढ्यांपासून.

२३ नोव्हें.
पुन्हा भरती. आता शिरेतून दुसरं औषध. ते विषाणूला दाबतं, पण विलासच्या पेशींनाही दाबतं, म्हणून रोज रक्त तपासायचं. भीती वाटते. कोणाला सांगणार.

२५ नोव्हें.
विलास काचेपलीकडे. मास्क पहिल्यांदा नाकावर. फोनवर म्हणाला, "ताई, माह्यं रक्त कमी पडलं का?"
"रक्त नाही रे. अक्कल."
रडला. मला दया आली नाही. मग थोडी आली, त्याचाच राग आला.
बाई म्हणतात, खरं काम त्याच्या पेशींनीच शिकायचं, औषध फक्त वेळ काढून देतं. विलासला दहावीचं गणित मीच शिकवलं. तीन वर्षं लागली.
तेवढा वेळ आहे का, विचारलं. म्हणाल्या, शुक्रवारचा रिपोर्ट पाहू.