निसटलेलं औषध

प्रिय ताई,

फोनवर तू म्हणालीस, "ह्यांची माफी माग आणि मिटवून टाक." भाऊजींनी तुला अर्धंच सांगितलेलं दिसतंय. उरलेलं अर्धं माझ्याकडून ऐक.

आपल्या कंपनीचा प्रोग्रॅम रुग्णालयांतल्या संगणकांवर चालतो. डॉक्टरांनी लिहून दिलेल्या औषधांतली त्या रुग्णाला न सोसणारी औषधं तो गाळतो. लिहून दिलेली सगळी औषधं मी अ‍ॅरेमध्ये ठेवली होती. अ‍ॅरे म्हणजे जमिनीला ठोकलेल्या खुर्च्या. एक उठला तरी बाकीचे जागचे हलत नाहीत. भाऊजींना हे जुनाट वाटलं. कुठल्याशा सेमिनारमधून चहा-बिस्किटं आणि एक कल्पना पोटात घालून आले, आणि स्वतःच्या हाताने अ‍ॅरे काढून लिस्ट घातली. लिस्टमध्ये एक उठला की मागचे सगळे एकेक जागा पुढे सरकतात. तपासणारा मात्र नाकासमोर पुढच्या खुर्चीकडे जातो. त्यामुळे न सोसणारी दोन औषधं शेजारी आली की पहिलं गळतं आणि दुसरं पुढे सरकून निसटतं. शेवटाकडून तपासत आलं असतं तर काही बिघडलं नसतं. मी हे सांगितलं तेव्हा भाऊजी हसले. "मेहुणीबाई, तुमचं नेहमीचंच, राईचा पर्वत!"

मग असंच एक औषध निसटलं आणि एका आजींच्या अंगावर गांधी उठल्या, श्वास कोंडला. वाचल्या बिचाऱ्या. भाऊजी म्हणाले, "वाचल्या ना? पुढच्या आवृत्तीत गुपचूप दुरुस्त करू. बोभाटा कशाला?" मी सगळ्या ऑफिससमोर विचारलं, तोवर बाकीच्या आजींनी काय करायचं, श्वास रोखून बसायचं? हा माझा उद्धटपणा. तो मी पुन्हाही करीन.

सोबत रुग्णालयांना पाठवायची सूचना जोडली आहे: चूक काय आहे, आणि आजपासून प्रत्येक औषध माणसाने तपासावं. भाऊजी सही करणार नाहीत. पण कर वाचवायला त्यांनीच कंपनी तुझ्या नावावर केली, आणि तू आजवर त्यांनी बोट ठेवलं तिथे न वाचता सही करत आलीस. हा कागद वाच. मग सही कर. मालकिणीची सही असली की रुग्णालयं लगेच हलतील. दुपारपर्यंत आली नाही, तर माझ्या एकटीच्या नावाने जाईल. नोकरी गेली तर खड्ड्यात जाऊ दे. भीती एकाच गोष्टीची आहे, तू दार लावून घेशील याची. तरीही पाठवीन.

तुझीच, तोंडाळ असले तरी तुझीच,
धाकटी